पेन्सिलीचं साल

कवळी म्हणजे काय, हे ज्याच्या तोंडात ती असते त्यालाच ठाऊक. बाकीच्यांना ती फक्त पेल्यातल्या पाण्यात दिसते आणि हसू येतं. कुंभोजकर गुरुजींना गेली अकरा वर्षं त्यात हसण्यासारखं काही सापडलं नव्हतं. सकाळी उठलं की ती पेल्यातून काढायची, घासायची, वरची टाळूला चिकटवायची, खालची हिरडीवर बसवायची, आणि आता नीट बसली असं वाटतंय तोवर शिंक यायची. डाव्या अंगाला हिरडीवर कायमचा एक फोड. पेरूची एखादी बी खाली शिरली की जीव नकोसा व्हायचा. टाळू झाकलेली, त्यामुळे आमटी कढत आहे हे कळायचं ते घशाखाली उतरल्यावर. आयुष्यभर पोरांना खणखणीत आवाजात पाढे शिकवलेला माणूस, पण आता 'स' आणि 'श' आला की तोंडातून बारीक शीळ वाजायची. आणि त्यांच्याकडे भाकरी करायला येणाऱ्या बाईचं नाव नेमकं शालन.

शालन रेडेकर ही गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. नवरा वारल्यावर ती माहेरच्या गावी परत आली, माहेरचंच आडनाव लावू लागली, आणि सहा वर्षांपूर्वी गुरुजींची मंडळी गेली तेव्हापासून त्यांच्या दोन वेळच्या जेवणाचं तीच बघत होती. तिच्याही तोंडात कवळीच, आणि तीही कुठल्याशा शिबिरात घाईघाईने माप घेऊन दिलेली. बोलताना खालची पुढे सरकायची. म्हणून जेवायला बसली की शालन ती सरळ काढून डबीत टाकायची आणि हिरड्यांनी खायची. घरात दोघंच असली की गुरुजीही आपली काढून ठेवायचे. ते भाकरी दुधात कुस्करायचे, ती आमटीत. दोघांच्या ताटात चावण्यासारखं काही नसायचं, त्यामुळे गप्पांना भरपूर वेळ मिळायचा.

२०४२ सालचा जानेवारी. उसाची तोड चालू होती. त्या सकाळी शालन फाटकातूनच ओरडत आली.

"गुर्जी, माझा नंबर लागला! दाताचा!"

"अगं, हळू. कसला नंबर?"

"ते न्हाई का, नवं दात उगवायचं इंजेक्शन. दंतांकुर योजना. पासष्टच्या वरच्यांची सोडत निघाली. आपल्या गावातनं पंधरा जण हाईत, त्यात मी हाय!" तिने फोन त्यांच्या नाकापुढे धरला. बोलण्याच्या भरात कवळी सुटलीच. तिने ती हातात झेलली, डबीत टाकली आणि तशीच बोळक्या तोंडाने हसत राहिली.

गुरुजींना मनापासून आनंद झाला. त्यांचं स्वतःचं वय चौऱ्याऐंशी. योजनेची मर्यादा पंच्याहत्तरची, त्यामुळे त्यांची गाडी केव्हाच चुकली होती. पण शालनला दात येणार म्हटल्यावर त्यांना घरात कुणाचं तरी बारसं असल्यासारखं वाटलं.

"मग पहिल्यांदा काय खाणार?"

"ऊस," ती लगेच म्हणाली. जणू उत्तर कधीपासून तोंडात घोळत होतं. "बांधावर बसून, दातानं सोलून. कडाकडा सोलायचा आन् चोथा लांब थुकायचा. पुढचं दात गेलं तवा मी ईस-एकईस वर्साची आसंन. तवापासनं रस पिली, पर ऊस न्हाई खाल्ला."

पहिल्या तपासणीला सोबत यायचं गुरुजींनी कबूल केलं. कागदपत्रं म्हटलं की शालन बिचकते, हे त्यांना माहीत होतं.

तालुक्याच्या दंतकेंद्रात डॉक्टर अन्विता सरनोबत नावाची तिशीची मुलगी होती. तिने पंधराही जणांना समोर बसवलं आणि प्लास्टिकचा जबडा हातात घेऊन समजावून सांगितलं.

"आपल्याला दात दोनदा येतात, दुधाचे आणि कायमचे. पण जबड्याच्या हाडात तिसऱ्या खेपेचे कोंबही असतात. बारीक, झोपलेले. शरीरात एक प्रथिन असतं, ते या कोंबांना ब्रेक लावून ठेवतं. आमचं इंजेक्शन त्या प्रथिनाला पकडून बाजूला करतं. ब्रेक सुटला की कोंब जागा होतो आणि आठ-नऊ महिन्यांत दात वर येतो. तुमचा स्वतःचा, मुळासकट, जिवंत. थंड-गरम कळणारा. खोटा नाही आणि हाडात ठोकलेला स्क्रूही नाही."

"दुखतंय का, मॅडम?" मागून कुणीतरी विचारलं.

"लहान बाळाचं दुखतं तेवढं. ताप येईल, हिरड्या शिवशिवतील, लाळ गळेल. आणि कवळी आजपासून बंद. तिच्या दाबाने कोंब मरतो. म्हणजे वर्षभर बोळकं तोंड घेऊन हिंडायची तयारी ठेवा." सगळे हसले. डॉक्टर मात्र हसली नाही. "आता महत्त्वाचं. वय वाढतं तसा हा ब्रेक घट्ट होत जातो. म्हणून औषधाचं प्रमाण वयावर ठरतं. पासष्टच्या पुढच्यांना मोठी मात्रा लागते. ती मला हाताने ठरवावी लागत नाही, तुमच्या कार्डावरची जन्मतारीख वाचून यंत्रच ठरवतं. हे बघा."

भिंतीवरच्या पडद्यावर पंधरा नावं उमटली आणि प्रत्येकापुढे जन्मतारीख. डॉक्टर वाचता वाचता थांबली.

"हे काय? पंधरातल्या अकरा जणांची एक जून? तुमच्या गावात सगळे एकाच दिवशी जन्मले की काय?"

"आमचा जन्म गुर्जींच्या टेबलावर झालाय, मॅडम!" केरबा सुतार म्हणाला आणि अख्खी खोली खदखदली. गुरुजीही हसले. त्यांनीच उठून सांगितलं, की त्या काळी जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा, पोराला शाळेत घालताना आईबाप म्हणायचे 'असंल सहा वर्साचं', मग शाळा सुरू होते ती तारीख धरून मास्तर एक जून लिहून मोकळा व्हायचा. महाराष्ट्रभर हेच चालायचं.

"साल तरी बरोबर असायचं ना?" डॉक्टरने सहज विचारलं.

"हो, हो. साल साधारण बरोबर," गुरुजी म्हणाले आणि खाली बसले. बसताना त्यांनी पडद्याकडे पुन्हा बघितलं. शालनचं नाव पडद्यावर सातवं होतं. शालन मारुती रेडेकर, १ जून १९७५.

मग एकेकाच्या जबड्याचं चित्र काढलं. शालनचं पाहून डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. "आजी, हाडं सत्तरीच्या पुढची दिसतायत. बाळंतपणं किती?"

"पाच. तीन जगली."

"पहिलं कितव्या वर्षी?"

शालनने एकदा गुरुजींकडे बघितलं. "आता कुटं ध्यानात राहतंय," ती म्हणाली.

"लहान वयात एकामागून एक बाळंतपणं, पोटाला पुरेसं नाही, हिरड्या सुजलेल्या. हाड झिजणारच. असो, यंत्राची हरकत नाही. कागदावरचं वय आणि हाडं साधारण जुळतायत." डॉक्टरने शिक्का मारला. "येत्या गुरुवारी इंजेक्शन."

शालन रक्त द्यायला आत गेली तेव्हा गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली. तोंडाला कोरड पडली होती आणि कवळी टाळूला खरवडत होती.

"डॉक्टर, समजा, एखाद्याचं साल चुकलेलं असलं तर? पाच-सहा वर्षांनी?"

"मोठं असून लहान लिहिलं असेल तर दात येणार नाहीत, एवढंच." ती हात पुसत होती. "पण उलट असेल तर वाईट. हाड किती झिजलंय त्याच्याशी कोंबांना घेणं नसतं. ते त्यांचं वय जन्मापासून मोजतात, त्यांना कागद वाचता येत नाही. कमी वयाच्या कोंबांना मोठी मात्रा दिली की ब्रेक परत लागतच नाही. चाचण्यांच्या वेळी एक गृहस्थ होते. एका दातामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. टाळूतून आले, नाकाच्या पोकळीत शिरले. शेवटी अर्धा जबडा काढावा लागला. आता पातळ अन्नावर आहेत. का हो? कुणाचं चुकलंय का?"

एवढी सरळ विचारणा झाली होती. तोंड उघडायचं आणि नाव सांगायचं, बस्स. पण तेवढ्यात दंडावर कापूस दाबून शालन बाहेर आली आणि गुरुजी म्हणाले, "नाही, सहज विचारलं."

घरी येताना एसटीत शालन अखंड बोलत होती. गुरुजींना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेचं जनरल रजिस्टर उघडं पडलं होतं.

त्यांची एक पद्धत होती. जिथे दाखला नाही तिथे दिवस आणि महिना शाईने लिहायचा, एक जून. साल मात्र पेन्सिलीने. पुढेमागे ग्रामपंचायतीत नोंद सापडली, कुणा म्हातारीला काही आठवलं, तर दुरुस्त करता यावं म्हणून. दाखला द्यायची वेळ आली की मग सालावर शाई फिरवायची. या पद्धतीचा त्यांना अभिमान होता. केंद्रप्रमुखांनी एकदा सगळ्या शाळांपुढे तिची तारीफ केली होती.

१९९४ च्या उन्हाळ्यात शालन सातवी पास झाली, पहिल्या नंबराने. मे महिन्यात तिचा बाप मारुती रेडेकर शाळेत आला. सोबत पोलीसपाटील आणि भावकीतले दोघे. पोरीला स्थळ आलं होतं. शेजारच्या गावात नुकतंच एक लग्न पोलिसांनी अडवलं होतं, त्यामुळे नवऱ्याकडच्यांना शाळेचा दाखला हवा होता. वय अठराच्या वर असलेला. गुरुजींनी एकदा 'नाही' म्हटलं, हे खरं. त्यानंतर पोलीसपाटील काही बोलला नाही, नुसता बसून राहिला. भावकीतला एक जण म्हणाला, "गुर्जी, तुमाला याच गावात ऱ्हायाचंय." मग गुरुजींनी रजिस्टर काढलं. १९८० खोडलं आणि शाईने १९७५ लिहिलं. त्याबद्दल त्यांनी एक पैसा घेतला नाही, चहासुद्धा नाही. ही गोष्ट ते पुढे कित्येक वर्षं स्वतःला बजावत आले होते.

शालनपासून सुरुवात झाली. पाच वर्षांत अशा सात जणी झाल्या. पुढे रजिस्टर सरकारी यंत्रात चढलं आणि सालं कायमची पक्की झाली. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी शाळेत वाचनालय बांधलं आणि त्यावर पाटी लावली, कुंभोजकर गुरुजी वाचनालय. उद्घाटनाच्या भाषणात जो तो म्हणाला, गुरुजींनी आम्हाला खरं बोलायला शिकवलं.

गुरुवारला चार दिवस होते. त्यात गुरुजींनी काय केलं म्हणाल, तर माणूस घाबरला की करतो ते सगळं. खरं सोडून बाकी सगळं बोलून बघितलं.

पहिल्या दिवशी म्हणाले, "शालन, एवढी घाई कशाला? पुढच्या सोडतीत बघू. तोवर औषध आणखी सुधारेल."

"पुढच्या सोडतीत माजं नाव निगंल ह्याची काय ग्यारंटी?"

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कवळी तशी वाईट नाही गं. सवय होते."

शालनने तवा खाली उतरवला. "सवय व्हती? तुमाला? काल पावण्यांसमोर तुमची वरची पडली तवा तुमी अर्दा घंटा न्हाणीत जाऊन बसला हुता."

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचा तोल गेला. "मी सांगतो म्हणून नको घेऊस ते इंजेक्शन! त्यात धोका आहे!"

"कसला धोका? बाकीच्या चौदा जणांस्नी न्हाई, मलाच कसा?"

गुरुजींनी तोंड उघडलं. बंद केलं. खालची कवळी वरच्या कवळीवर आपटून खट्ट वाजली.

शालनने हात धुतले, पदर खोचला. "मला कळतंय गुर्जी. तुमास्नी मिळत न्हाई म्हणून तुमच्या जिवाला लागलंय. पर असं वागाल असं वाटलं न्हवतं." ती भाकरी झाकून निघून गेली.

हा आळ गुरुजींना झोंबला आणि, खोटं कशाला बोलायचं, थोडा सोयीचाही वाटला. आपण हेवा करतो असं तिला वाटलं तरी चालेल, पण ते साल तिच्या कानावर जायला नको. असा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ताट तसंच सरकवून ते उठले. फोन उचलून त्यांनी दंतकेंद्राचा नंबर तीनदा लावला आणि तिन्ही वेळा पलीकडून आवाज येताच बंद केला.

गुरुवारी सकाळी शालन आली नाही. ती पहाटेच्या एसटीने केरबा सुताराबरोबर गेली, असं शेजारच्या सुनेकडून कळलं. गुरुजी पायात चपला सरकवून तसेच निघाले. पुढची एसटी तासाभराने. त्या तासाभरात त्यांना सारखा तो पातळ अन्नावरचा माणूस दिसत होता, आणि त्याच्या जागी शालन. एसटीत बसल्यावर पुढच्या बाकाची दांडी त्यांनी इतकी घट्ट धरली की कंडक्टरने विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

केंद्रात पोचले तेव्हा शालन खुर्चीवर रेलून बसली होती. नर्सने यंत्रातून भरलेली सुई बाहेर काढली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "नाव?"

"शालन मारुती रेडेकर."

"जन्मतारीख?"

"एक जून एकोणीसशे पंच्याहत्तर." पाठ केलेल्या पाढ्यासारखं तिने म्हटलं.

"खोटं आहे!" गुरुजी दारातून ओरडले. "थांबा! साफ खोटं आहे ते!"

आणि त्याच क्षणी वरची कवळी सुटली, फरशीवर पडली आणि टणटणत कपाटाखाली गेली. खोलीतल्या सगळ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं. घाईत गुरुजींनी खालचीही काढून खिशात कोंबली आणि बोलायला सुरुवात केली. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, तोंडात एक दात नाही, धाप लागलेली, रडू आलेलं. डॉक्टर अन्विता धावत आली, पण तिला एक अक्षर कळेना.

"आजोबा, शांत व्हा. काय म्हणताय? मला समजत नाहीये."

शालन खुर्चीत उठून बसली होती. सहा वर्षं रोज दोन वेळा ती या माणसाबरोबर कवळीशिवाय जेवली होती. तिला प्रत्येक शब्द कळत होता.

"मी सांगती," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "ते म्हणत्यात, ही पासष्टची न्हाई. एकसष्टची हाय."

गुरुजी बोलत राहिले. ती वाक्यावाक्याला थांबून सांगत राहिली.

"म्हणत्यात, साल मी पेन्सिलीनं लिवलं हुतं, ऐंशी. तेच खरं. म्हणत्यात, हिचा बा आला, पोलीसपाटील आला. मी घाबरलो. खोडून पंच्याहत्तर केलं. लगीन लावायला."

नर्सने सुई ट्रेमध्ये ठेवली.

"म्हणत्यात, मी चार दिस गप बसलो. तुमी त्यादिवशी इचारलं तवाबी न्हाई म्हणालो. नाव जाईल म्हणून." शालन थांबली. गुरुजीही थांबले होते, त्यांचं सांगून झालं होतं. ते भिंतीला टेकून उभे होते. "आता एक ते इसरल्यात, ते मी सांगती. त्या दिवशी मी शाळंच्या दारात हुती. ह्यांनी मला हाक मारली. म्हणालं, शालन, तुझा खोडरबर दे जरा. सातवीत पयली आली म्हणून ह्यांनीच मला बक्षीस दिल्याला, वासाचा. मी पळत जाऊन आणून दिला. त्यानंच खोडलं. मी बघत हुती."

गुरुजींना ते खरोखरच आठवत नव्हतं. तिने सांगितलं आणि मग आठवलं. खोडरबराचा तो गोडसर वाससुद्धा.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" डॉक्टरचा आवाज चढला. "मग बोलला का नाहीत? केवढा धोका होता!"

"धोक्याचं मला कुणी सांगितलं?" शालनने गुरुजींकडे बघितलं, नजर काढली नाही. "मला एवढंच कळलं, पासष्टच्या वरच्यास्नी दात मिळत्यात. म्हटलं, ह्या तारखेनं माझी शाळा घेतली, पाच बाळंतपणं करवली, दात घेतलं. आता एकदा काय तरी देती तर देऊ दे की." एवढं बोलून तिचं अवसान गेलं. ती खुर्चीतून उतरली, डबी उघडून कवळी तोंडात घातली आणि बाहेर जाऊन बाकावर पाठ करून बसली.

इंजेक्शन रद्द झालं. पासष्टच्या आतल्यांसाठीची मात्रा अजून ठरायची होती. यंत्राने शालनच्या नावापुढे 'वय संशयास्पद' अशी लाल खूण केली. डॉक्टरने गुरुजींना स्पष्ट सांगितलं, की ही खूण काढायची तर मूळ नोंद करणाऱ्याने लेखी जबाब द्यायला हवा, आणि तो जबाब शिक्षण खात्याकडेही जाईल. नाहीतर तिचं नाव कुठल्याच यादीत पुन्हा येणार नाही.

आठ दिवस शालन आली नाही. गुरुजी चहात पाव बुडवून खात होते. कपाटाखाली गेलेल्या कवळीचा कोपरा उडाला होता, ती घातली की जीभ कापायची. त्यांनी ती घालणं सोडून दिलं. फाटक वाजलं की ते उठून उभे राहायचे, आणि दूधवाला असायचा.

नवव्या दिवशी दुपारी ती आली. काही न बोलता चूल पेटवली, दोन भाकरी टाकल्या, ताट वाढलं. मग पिशवीतून एक छापील अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला. जन्मनोंद दुरुस्तीसाठी जबाब.

"डॉक्टरीणबाईंनी दिलाय. लिवा."

गुरुजींनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर अजूनही वळणदार होतं. नाव, गाव, शाळा, रजिस्टरचा क्रमांक. खरी जन्मतारीख. इथे ते अडले आणि त्यांनी वर बघितलं.

"आई सांगायची, नवरात्राच्या सातव्या माळंला. ऐंशी साल. तारीख तुमी काढा."

त्यांनी फोनवर जुनं पंचांग काढून तारीख शोधली आणि लिहिली. त्याखाली रकाना होता, चुकीच्या नोंदीचं कारण. गुरुजींनी लिहायला सुरुवात केली, 'नजरचुकीने'. शालन त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. सातवीत पहिली आलेली पोर.

"चूक न्हाई," ती म्हणाली. "खरं लिवा."

पेन कागदावर टेकलेलं राहिलं. "शालन, असं लिहिलं तर वाचनालयावरची पाटी उतरवतील. चौकशी होईल. गावात तोंड दाखवायला..."

"माझ्या तोंडात चार वर्सं अजून काय न्हाई. ते मी दाखवीतच हिंडणार हाय की."

गुरुजींनी 'नजरचुकीने' वर सरळ रेघ मारली. मग हळूहळू लिहिलं, 'मुलीचे लग्न लावता यावे म्हणून मी जाणूनबुजून साल बदलले. लग्नाच्या वेळी मुलीचे वय तेरा वर्षे सात महिने होते.' शाईने. खाली सही केली. हे सगळं त्यांनी एवढ्या वर्षांत कधी मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. आकडा डोळ्यांसमोर आला तेव्हा त्यांना हुंदका आवरला नाही.

शालनने त्यांना रडू दिलं. थांबा म्हणाली नाही, पाणीही दिलं नाही. अर्ज उचलून दोनदा वाचला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला. मग परत पिशवीत हात घातला आणि आणखी कागद काढून एकेक करून त्यांच्यापुढे मांडले. सहा होते.

"ही बायडीची. ही सुमन लोहाराची, ती आता हुबळीला असती, फोन केलता मी. ही यल्लूची, ती वारली, पर तिच्या लेकीला पायजे." ती त्यांच्या समोर पाय मुडपून बसली, कवळी काढून डबीत टाकली आणि आपली भाकरी आमटीत कुस्करायला घेतली. "भाकरी गार झाली तरी चालंल गुर्जी. आदी लिवा."

गुरुजींनी डोळे पुसले आणि वरचा कागद पुढे ओढला.